एका चमच्याची पंगत

रविवार, १६ जून २०२४

पॅरिसच्या गार द लियाँ स्टेशनात नवऱ्याने तिकिटं तीनदा तपासली. तिन्ही वेळा गाडी तीच निघाली. पावणेदोन तासांत माकाँ-लोशे आलं, तिथून तेझेची बस. वाटेत क्लुनी लागतं. इ.स. ९१० मध्ये स्थापन झालेला तिथला मठ एके काळी युरोपातल्या मठांचा शिरोमणी होता. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर लोकांनी त्याचे दगड काढून नेले. बसच्या काचेतून एक मनोरा दिसला, तेवढंच क्लुनी आमच्या वाट्याला.

तेझे म्हणजे टेकडीवरचं पिवळट दगडी घरांचं खेडं, आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढं. इथे वेगवेगळ्या पंथांच्या ख्रिस्ती ब्रदरांचा, म्हणजे संन्याशांचा, एकत्र मठ आहे आणि त्यांच्यासोबत आठवडाभर राहायला देशोदेशीचे लोक येतात. वाडीच्या बाजूला मात्र तंबू, लाकडी बराकी, पाण्याचे नळ आणि शेकडो पोरं. जत्रेच्या आदल्या दिवशीचं मैदान असतं ना, तसं. ‘कासा’ नावाच्या घरात नाव-गाव लिहून घेतलं, पैसे भरले. राहण्या-जेवणाची रक्कम तुम्ही कुठल्या देशातून आलात त्यावर ठरते. भारतातून येणाऱ्याला कमी पडते. माझ्या पुढच्या डच बाईंना जास्त पडली होती आणि त्यांनी ती हसत भरली. बायकांची खोली वेगळी, पुरुषांची वेगळी, सहा-सहा जणांची, दुमजली पलंग. ‘बावीस वर्षांत पहिल्यांदाच तुझं घोरणं ऐकू येणार नाही,’ असं मी म्हटलं. ‘तुझंही,’ तो म्हणाला.

इथे का आलो ते सांगायला हवं. मी नगरची. आमचं घर अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून मंडळीत, म्हणजे प्रोटेस्टंट चर्चमध्ये. १९७० साली नागपुरात सहा मंडळ्या एकत्र होऊन सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, तेव्हापासून आम्ही सी.एन.आय.चे. नवरा वसईचा, सात पिढ्यांचा कॅथलिक. लग्नाला दोन्हीकडच्यांनी होकार दिला, पण मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, गेलं की ख्रिस्तप्रसादाच्या, पवित्र भाकर देण्याच्या, वेळी मी जागेवरच; ती कॅथलिकांनाच. रांग लागली की मी गुडघे बाजूला करते, नवरा पुढून जातो, परत येतो, मी पुन्हा गुडघे सरळ करते. सासूबाई याबद्दल कधी अवाक्षर बोलल्या नाहीत. रांगेतून परतताना फक्त माझ्या खांद्यावर हात टेकवून पुढे जातात. तो आधारासाठी की आणखी कशासाठी, हे मी विचारलेलं नाही.

रात्री साडेआठच्या प्रार्थनेला गेलो तेव्हा बाहेर लख्ख उजेड होता. आत बाक नाहीत. सगळे जमिनीवर. मला एकदम नगरच्या भजनाची सतरंजी आठवली. मधल्या पट्ट्यात पांढऱ्या झग्यातले ब्रदर, त्यांच्या दोन्ही बाजूंना हिरव्या झुडपांची बुटकी कड. समोर नारिंगी कापडं ताणलेली आणि विटांसारख्या ठोकळ्यांत मेणबत्त्या. प्रवचन नाही. एका ओळीचं गाणं पुन्हा पुन्हा, मग वचन तीन-चार भाषांत, मग शांतता. सात-आठ मिनिटं. दोनेक हजार माणसांची शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. कुणीतरी खोकलं, ते मागून येऊन पुढे गेल्यासारखं वाटलं.

सोमवार

न्याहारीला पाव, लोणी, चॉकलेटच्या दोन कांड्या आणि वाडगाभर गरम कोको. नवऱ्याने चहा शोधला. चहा होता, पण तो चहा म्हणण्यासारखा नव्हता.

सकाळी एका ब्रदरनी योहान २१ वर बोलायला सुरुवात केली. प्रभू पुन्हा उठल्यावर सरोवराच्या काठी कोळसे पेटवून मासळी भाजतो आणि रात्रभर जाळं टाकूनही काही न मिळालेल्या शिष्यांना म्हणतो, या, न्याहारी करा. मग गट पाडले. आमच्या गटात पोलंडच्या एक नर्सबाई, रुमानियाचं जोडपं (ऑर्थोडॉक्स चर्चचं), कालच्या त्या डच बाई (‘सुधारित’ नावाच्या प्रोटेस्टंट मंडळीच्या) आणि एक जर्मन गृहस्थ. ते म्हणाले, ‘माझा विश्वास नाही, बायको दरवर्षी यायची, ती गेली, म्हणून मी आलो.’ कुणी त्यांना समजावायला गेलं नाही. नर्सबाईंनी फक्त खुर्ची जवळ ओढली.

प्रत्येकाने आपापल्या भाषेत तेच वचन म्हणायचं ठरलं. माझी पाळी आली तेव्हा मी ‘न्याहारी’ म्हटलं आणि रुमानियन बाईंनी तो शब्द परत म्हणायला लावला. त्यांना तो फार आवडला. पुढे आठवडाभर त्या मला लांबूनच ‘न्यारी, न्यारी’ अशी हाक मारत होत्या. सुधारायच्या भानगडीत मी पडले नाही. नगरला अर्धं गाव न्यारीच म्हणतं.

दुपारी या जागेची गोष्ट ऐकली. ऑगस्ट १९४० मध्ये पंचवीस वर्षांचा एक स्विस तरुण, पाळकाचा मुलगा, सायकलवरून इथे आला. फ्रान्स हरला होता, देशाची दोन तुकड्यांत फाळणी झाली होती आणि ती रेषा इथून जवळच. घर विकाऊ होतं. जेवायला बोलावलेल्या एका म्हाताऱ्या बाईने त्याला सांगितलं, इथेच राहा, आम्ही फार एकटे पडलोय. हे रॉजर शूत्झ, पुढचे ब्रदर रॉजर. त्यांनी घर घेतलं आणि त्यात निर्वासितांना लपवलं, त्यांत ज्यूही होते. प्रार्थना ते एकटेच करत, आडबाजूला जाऊन, कारण आश्रयाला आलेल्या ज्यू किंवा नास्तिक माणसाला अवघडल्यासारखं होऊ नये. ही बारीकशी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटली. आपल्याकडे पाहुण्याला देवघरात नेल्याशिवाय पाहुणचार पुरा होत नाही, आणि यात आम्ही ख्रिस्तीही आलो.

१९४२ मध्ये कुणीतरी चुगली केली आणि त्यांना दोन वर्षं जिनिव्हात काढावी लागली. परत आल्यावर चित्र उलटं झालेलं. आता जवळच्या छावण्यांत जर्मन कैदी होते, उपाशी. तर यांनी त्यांना रविवारी घरी बोलावलं, असेल त्यातलं खाऊ घातलं. गावातल्या ज्या बायकांचे नवरे जर्मनांनी नेले होते त्यांना काय वाटलं असेल, हे कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. पण प्रश्न दिवसभर डोक्यात होता.

जेवणाचं सांगते. ताट, वाडगा आणि एक मोठा चमचा. काटा नाही, सुरी नाही. भात असो, मसूर असो, चीज असो, सफरचंद असो, सगळं त्या एका चमच्याने. पाणीही वाडग्यातूनच प्यायचं. बिशपही त्याच रांगेत आणि शाळकरी पोरही. मग गवतावर बसायचं. नवरा म्हणाला, ‘ही तर पंगतच.’ मी म्हटलं, ‘पंगतीत आग्रह असतो.’ इथे आग्रह नव्हता. वाढणाऱ्या मुलीने सगळ्यांच्या ताटात मोजून एक डाव टाकला आणि पुढचा.

पंगत हा शब्द आमच्या घरात साधा नाही. माझे पणजोबा नगर जिल्ह्यातल्या एका महारवाड्यातून मंडळीत आले. घरात गोष्ट सांगतात की बाप्तिस्म्यानंतरच्या पहिल्या प्रीतिभोजनाला ते सवयीने पडवीच्या कडेला, वेगळे बसले. तेव्हा ब्राह्मण घरातून मंडळीत आलेले एक गृहस्थ आपलं ताट उचलून त्यांच्या शेजारी येऊन बसले आणि त्यांच्या ताटातली भाकरी मोडून घेतली. आजी हे सांगताना ‘मोडून’ या शब्दावर थांबायची. खरं-खोटं देव जाणे. आणि गोष्ट गोड असली तरी पुढचंही सांगायला हवं: आमच्यात लग्न जुळवताना ‘मूळचे कुठले’ हे अजून विचारतात, फक्त आवाज खाली करून.

मंगळवार

आज भांडण. सासूबाईंनी निघताना सुक्या बोंबलाची चटणी बांधून दिली होती. काल रात्री मी डबा उघडून बंद केला, एवढंच. सकाळी खोलीची खिडकी सताड उघडी आणि डच बाई स्वेटर घालून पलंगावर बसलेल्या. ‘काहीतरी मेलंय का इथे?’ त्यांनी अगदी निरागसपणे विचारलं. माझा चेहरा पडला. पोलंडच्या नर्सबाई म्हणाल्या की त्यांच्याकडेही खारवलेली मासळी असते, वास असतोच. डच बाई म्हणाल्या, आमच्याकडेही असते, पण आम्ही ती खोलीत ठेवत नाही.

डबा तीन पिशव्यांत गुंडाळून बाहेर खिळ्याला टांगला. दुपारपर्यंत आम्ही दोघी एकमेकींशी जरा जास्तच गोड बोलत होतो.

बुधवार

डबा गेला. पिशव्या खाली फाटून पडलेल्या, झाकण दूर गवतात. मांजरीचं काम असावं. डच बाईंना फारच वाईट वाटलं. आपण म्हणालो म्हणून झालं, असं त्या धरून बसल्या. शेवटी मीच त्यांना समजावत बसले. सासूबाईंना फोनवर कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मांजर कुठलीही असली तरी तिला कळतं.’

दुपारी गावातलं जुनं देऊळ पाहिलं. आमच्याकडे जुने लोक चर्चला देऊळच म्हणतात. हे बाराव्या शतकातलं, जाड भिंतींच्या रोमनेस्क धाटणीचं, आत इतका अंधार की डोळे सरावायला वेळ लागतो. पहिले ब्रदर इथेच प्रार्थना करत. १९४९ च्या ईस्टरला सात जणांनी जन्मभराचं वचन दिलं तेव्हा ते सगळे प्रोटेस्टंट होते. १९६९ मध्ये पहिले कॅथलिक ब्रदर आले. आता तीसेक देशांतले, दोन्हीकडचे ब्रदर आहेत. दान घेत नाहीत, वडिलोपार्जित वाटाही घेत नाहीत. मातीची भांडी आणि असली कामं करून पोट भरतात. मी एक वाडगा घेतला. किंमत ऐकून नवऱ्याने रुपयांत गुणाकार केला, मी करू दिला नाही.

देवळाबाहेर ब्रदर रॉजर यांची कबर आहे. साधा लाकडी क्रूस, थोडी फुलं. १६ ऑगस्ट २००५ ला, संध्याकाळच्या प्रार्थनेत, अडीच हजार लोकांसमोर, मानसिक आजार असलेल्या एका बाईने त्यांच्यावर चाकूने वार केले. ते नव्वद वर्षांचे होते. दफनाच्या वेळी त्यांच्या जागी आलेले ब्रदर अलोइस यांनी त्या बाईला क्षमा व्हावी म्हणून प्रार्थना केली. अलोइस जर्मन कॅथलिक. स्विस प्रोटेस्टंटाच्या जागी आलेले. आणि डिसेंबर २०२३ पासून त्यांच्या जागी ब्रदर मॅथ्यू, इंग्लंडचे अँग्लिकन. तीन प्रमुख, तीन देश, तीन मंडळ्या.

परत येताना मोठ्या चर्चमध्ये एका मूर्तिचित्राजवळ थांबले. मूळ चित्र इजिप्तच्या कॉप्टिक मठातलं, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, इथे नक्कल. ख्रिस्त आणि त्या मठाचे प्रमुख अब्बा मेना शेजारी शेजारी उभे, दोघांचे डोळे मोठे, आपल्याकडे पाहणारे. ख्रिस्ताचा उजवा हात मेनाच्या खांद्यावर. ओढून घेतलेला नाही, टेकवलेला. मी बराच वेळ तिथेच उभी होते. नवऱ्याने विचारलं, ‘काय झालं?’ मी म्हटलं, ‘आईंची आठवण झाली.’ त्याने चित्राकडे पाहिलं आणि काही बोलला नाही.

गुरुवार

दिवसभर पाऊस. आमच्या गटाकडे दुपारची भांडी होती. तीन मोठी टबं: पहिल्यात खरकटं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. जर्मन गृहस्थांना तिसऱ्या टबातलं पाणी दर पन्नास ताटांनी बदलायचं होतं, रुमानियन नवरोबाला ते पाण्याची नासाडी वाटत होती. दोघांची एकच समान भाषा, मोडकं इंग्रजी. वाद त्यामुळे लांबला. शेवटी पोलिश नर्सबाईंनी टब उपडं करून टाकलं. मग नवऱ्याने वसईचं लग्नातलं गाणं म्हटलं आणि ताटांवर ताल धरला. कुणाला एक अक्षर कळलं नाही, तरी तिसऱ्या कडव्याला सगळे शेवटचा सूर धरत होते.

शुक्रवार

शुक्रवारी रात्री क्रूसाभोवतीची प्रार्थना. रंगवलेला मोठा क्रूस जमिनीवर आडवा, ठोकळ्यांवर टेकवून ठेवतात. लोक गुडघ्यांवर सरकत येतात आणि लाकडाला कपाळ लावतात. रांग मोठी, कुणाला घाई नाही, गाणी चालू.

माझ्यापुढे रुमानियन बाई होत्या. त्यांनी उजवीकडून डावीकडे क्रूसाची खूण केली. नर्सबाईंनी डावीकडून उजवीकडे. मी केलीच नाही, आमच्यात करत नाहीत. जर्मन गृहस्थ क्रूसापाशी आले, कपाळ टेकवलं नाही, नुसता तळहात ठेवला, थोडा वेळ. तिघीजणी आणि ते, एकाच लाकडाच्या चार बाजूंना. लाकूड गुळगुळीत आणि कोमट होतं. इतक्या कपाळांनी कोमट झालेलं.

आमच्याकडे कपाळ टेकवणं म्हणजे ‘मूर्तिपूजा’ असं म्हणणारे वडीलधारे आहेत. त्यांची आठवण झाली. मग मी टेकवलं.

शनिवार

ब्रदर रात्रीच्या प्रार्थनेनंतर चर्चमध्येच थांबतात, ज्याला बोलायचं त्याने जाऊन बोलावं. मी आठवडाभर टाळलं होतं. आज एका वयस्क ब्रदरांसमोर जाऊन बसले आणि थेट विचारलं: इथे एवढं ऐक्य, मग ख्रिस्तप्रसादाच्या वेळी दोन रांगा का?

रोज सकाळी मी पाहत होते. कॅथलिकांना पवित्र भाकर देतात, आणि ज्यांना ती घेता येत नाही त्यांच्यासाठी टोपल्यांतून नुसता आशीर्वाद दिलेला पाव फिरतो. प्रेमाने देतात, पण वेगळा तो वेगळाच. पंक्तिभेद म्हणजे काय हे मला शिकवावं लागत नाही.

त्यांनी बचाव केला नाही. ब्रदर रॉजर यांच्या आजीची गोष्ट सांगितली. पहिल्या महायुद्धात तिने उत्तर फ्रान्समध्ये आपलं घर निर्वासितांसाठी उघडलं. युरोपातले ख्रिस्ती एकमेकांना मारत होते. निदान ख्रिस्तींनी तरी एक व्हावं म्हणून ही प्रोटेस्टंट बाई कॅथलिक चर्चमध्ये जाऊ लागली. आपली मंडळी न सोडता. नातवाने तिचाच कित्ता गिरवला. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या अंत्यविधीच्या वेळी, एप्रिल २००५ मध्ये, चाकाच्या खुर्चीतल्या ब्रदर रॉजरना कार्डिनल रात्सिंगरांनी आपल्या हाताने ख्रिस्तप्रसाद दिला आणि जगभर कुजबूज झाली: हे कॅथलिक झाले की काय? रात्सिंगर पुढे अकराच दिवसांत पोप झाले. तेझेच्या लोकांचं म्हणणं एवढंच होतं की त्यांनी कुणाशी नातं तोडून धर्मांतर केलं नाही.

हे मला पटलं आणि पुरलंही नाही. आमच्याकडे ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभारला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले सगळे ख्रिस्तभक्त एकत्र. दोनच वर्षांत टिळक गेले. मोठ्या माणसांनी एका पिढीत केलेल्या गोष्टी पुढच्या पिढीला नियमांत बसवता येत नाहीत, असं काहीसं मी ब्रदरांना म्हटलं, माझ्या इंग्रजीत जमेल तसं.

त्यांनी विचारलं, ‘मग तुम्ही त्या वेळी काय करता?’

‘गुडघे बाजूला करून वाट देते.’

‘बावीस वर्षं?’

‘बावीस वर्षं.’

ते हसले नाहीत. मान हलवली, माझे दोन्ही हात हातांत घेतले. मागे एक मुलगा रडत उभा होता, त्याची पाळी होती. मी उठले.

या गप्पांच्या आधी प्रार्थनेत मेणबत्त्या झाल्या होत्या. सगळ्यांच्या हातात बारीक मेणबत्ती, लहान मुलांपासून ज्योत मागे मागे येते. डच बाईंनी माझी पेटवली. माझा हात हलला आणि मेण त्यांच्या स्वेटरवर सांडलं. तोच स्वेटर. त्या म्हणाल्या, ‘आता फिटलं.’

रविवार, २३ जून

दहाला मिस्सा. बाहेर पडताना दाराजवळचा मजकूर पुन्हा वाचायचा होता, आत जातानाच वाचला: इथे येणाऱ्यांनी समेट करावा, बाप-मुलाने, नवरा-बायकोने, विश्वास ठेवणाऱ्याने न ठेवू शकणाऱ्याशी, ख्रिस्ती माणसाने दुरावलेल्या ख्रिस्ती भावाशी. हे चर्च १९६२ मध्ये उभं राहिलं, तेही युद्धाचं प्रायश्चित्त म्हणून आलेल्या जर्मन तरुणांच्या हातांनी. नऊ वर्षांनी, ईस्टरला माणसं मावेनात, तेव्हा ब्रदरांनी मागची भिंतच पाडून तिथे तंबू लावला. ऐक्यासाठी काँक्रीट फोडणारी मंडळी. मला हे फार आवडलं.

ख्रिस्तप्रसादाच्या वेळी नवरा उठला. मी सवयीने गुडघे बाजूला करायला गेले, पण जमिनीवर कसली वाट आणि कसलं काय. तो माझ्या पायांवरून उडी मारूनच गेला. टोपली माझ्यापर्यंत आली. बोटाच्या पेराएवढा पावाचा तुकडा. अर्धा खाल्ला, अर्धा रुमालात बांधला. प्रसाद घरी न्यायची सवय आजीची. मंडळीत येऊन शंभर वर्षं झाली तरी ती काही सुटली नाही.

निरोप लवकर उरकले. रुमानियन बाई लांबून ‘न्यारी!’ ओरडल्या. जर्मन गृहस्थ म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.

बस थांब्यावर वीस मिनिटं काढायची होती. नवऱ्याला भूक लागली. पिशवीत बिस्किटंसुद्धा उरली नव्हती. मी रुमाल सोडला आणि तो तुकडा त्याच्या हातावर ठेवला. ‘हे तर तुझ्या टोपलीतलं,’ तो म्हणाला. ‘खा,’ मी म्हटलं.

त्याने मोडला, थोडा मला दिला, राहिलेला तोंडात टाकला आणि चावत राहिला.

‘मीठ कमी आहे,’ म्हणाला.